मायावी दार, चार परचक्रं आणि हरवलेलं पाचवं

गोव्यातल्या डिचोलीच्या एका तरुण वाचकाचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: ‘मी एक अद्भुत कादंबरी लिहितोय, त्याच जगावर मित्रांबरोबर पटावरचा खेळही खेळतो. त्या जगात डोंगरात एक मायावी दार आहे. बाराशे वर्षांत त्यातून चार वेळा राक्षसांची फौज आली. प्रत्येक स्वारीचे राजे, सेनापती, लढाया, तारखा सगळं लिहून काढलं, चाळीस पानं झाली. पण वाचणारे म्हणतात, इतिहास वाटत नाही, यादी वाटते. अजून कुठला तपशील घालू?’

तपशील आणखी नकोच. आहे त्या चाळीस पानांचा हिशेब मांडून बघा. चार स्वाऱ्या, प्रत्येकी फार तर तीन वर्षांची, म्हणजे सगळी मिळून १२ वर्षं. उरलेली १,१८८ वर्षं कोरी. त्या काळात लोक जेवले असतील, लग्नं केली असतील, जमिनीच्या हद्दीवरून भांडले असतील. पानांवर त्यातलं काही नाही. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. तुमची दुसरी स्वारी उचलून तिसरीच्या जागी ठेवली तर कथेत काय बिघडतं? बहुधा काहीच नाही. ज्या घटनांची आपसात अदलाबदल करता येते त्यांची यादी होते. तिसरं परचक्र जसं आलं तसं येण्याला दुसऱ्याने मागे टाकलेलं काहीतरी कारण असलं, की वाचणाऱ्याला इतिहास वाटायला लागतो. म्हणून आपल्याला नव्या लढाया शोधायच्या नाहीत, मधली वर्षं भरायची आहेत.

काही गोष्टी मात्र तुम्हालाच ठरवाव्या लागतील आणि उत्तर त्यावर बरंच अवलंबून आहे. येणारे जीव जनावरं आहेत की त्यांना सेनापती आहे? दार कुणी बांधलेलं आहे की खडकासारखं आपोआपच आहे? गावोगावी मांत्रिक असतील तर खालचे बरेच आकडे बदलतील. कादंबरी आणि खेळ यांतही फरक आहे. कादंबरीत पात्राला दिसेल तेवढंच वाचकाला दिसतं. खेळात मात्र पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी विचारणार, ‘दार रुंद किती? चिरे रचून बुजवता येईल का?’ तेव्हा आकडा तयार हवा. मी इथे असं धरून चालतो: दार एकच, येणारे हाडामांसाचे, भूक लागणारे, थोडीफार अक्कल असलेले, आणि जादू दुर्मीळ व महाग.

दाराचा विचार करताना गोव्यातल्या माणसाला दूर जायची गरज नाही. खाजन शेतीच्या बांधातली मानस डोळ्यांपुढे आणा. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध असतात आणि त्या बांधात लाकडी झडपांचा एक दरवाजा बसवलेला असतो. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा झडपा आपोआप मिटतात. ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. तुमच्या दारालाही असेच चार प्रश्न विचारा. ते कशाच्या जोराने उघडतं, किती वेळ उघडं राहतं, एका वेळी त्यातून किती माल जातो, आणि उलट दिशेने काय जातं?

किती माल जातो, हा प्रश्न बहुतेक लेखक टाळतात आणि तिथेच घसरतात. साधं गणित आहे. दार ३ मीटर रुंद धरा. माणसापेक्षा थोडे थोराड दोन जीव शेजारी शेजारी चालू शकतील. दर ४ सेकंदांना एक रांग आत आली तर मिनिटाला ३०, तासाला १,८०० झाले. दार सहा तास उघडं राहिलं तर १०,८००. म्हणजे ‘लाखाची फौज’ लिहायची असेल तर एकतर दार रुंद करा, नाहीतर ते अडीच दिवस उघडं ठेवा. आता हत्तीएवढा एखादा जीव आणायचा झाला तर तो सगळं दार अडवून २० सेकंद खाईल, म्हणजे एका महाकायापायी दहा साधे बाहेर राहिले. पलीकडच्या सेनापतीला निवड करावी लागली. पहिल्या स्वारीत त्याने शंभर महाकाय आणले आणि त्यापायी हजार सैनिक कमी पडले. पुढच्या वेळी तो तेच करेल का? बघा, एका रुंदीच्या आकड्यातून दोन स्वाऱ्यांमधला फरक मिळाला, तोही कारणासकट.

अलीकडच्या जागेचाही विचार करा. दहा हजार आठशे जणांना उभं राहायला प्रत्येकी २ चौरस मीटर धरले तर दोन हेक्टरांहून थोडी जास्त मोकळी जमीन लागते. दार अरुंद घळीत असेल तर पुढची रांग थांबताच मागचं सगळं तुंबेल आणि वेळ संपली की दार कुणाच्या तरी अंगावर मिटेल. त्यामुळे दारापुढची झाडी तोडली आहे की वाढू दिली आहे, ही गोष्ट राजाच्या पराक्रमापेक्षा जास्त महत्त्वाची ठरते. एखाद्या गावाने दारापुढे देवराई राखली असेल, तर ‘इथली फांदी तोडायची नाही’ या नियमामागचं पहिलं कारण लष्करी असू शकतं. पुढे लोक कारण विसरले, नियम राहिला. ज्या जगात असे दोन-चार नियम कारणाविना लटकत असतात ते जुनं वाटतं.

जागा निवडायला आसपास बघा. साळावली धरणाखाली गेलेलं कुर्डी गाव दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की मेच्या सुमारास वर येतं, जुने रहिवासी जमतात, पाऊस लागला की गाव पुन्हा पाण्याखाली. कुशावतीच्या काठी पणसायमळला जांभ्या खडकावर कोरलेली चक्रव्यूहासारखी वर्तुळं आहेत. नकाशावर नुसती फुली मारण्यापेक्षा अशी जागा घेतली की दाराला ऋतू मिळतो, वाट मिळते, आणि आसपासच्या माणसांना त्याच्याबद्दल मत मिळतं.

आता भूक. शंभर किलो वजनाचा मांसाहारी जीव दिवसाला ३ किलो मांस खातो असं धरा. दहा हजारांना रोज ३०,००० किलो लागेल. आपल्याकडच्या लहान चणीच्या गाईबैलापासून फार तर १२० किलो मांस मिळेल, म्हणजे रोज अडीचशे गुरं. एखाद्या तालुक्यात २०,००० गुरं असतील तर तो तालुका ८० दिवसांत संपला. यातून दोन गोष्टी निघतात. एक, राक्षस एका जागी तळ ठोकून तीन वर्षं वेढा घालू शकत नाहीत. त्यांना हलत राहावं लागतं किंवा पलीकडून रसद लागते, आणि दार तर मिटलेलं. दोन, शहाण्या राजाचा पहिला हुकूम ‘सैन्य जमवा’ असा नसेल. ‘गुरं घाटावर हाका’ असा असेल. मग राक्षस उपाशी मरतील, पण पुढच्या पावसाळ्यात नांगराला बैलही नसतील. शेतं पडीक राहतील, घाटावरचे लोक बैल भाड्याने देतील, भाडं थकेल, जमिनी गहाण पडतील. पन्नास वर्षांनी खाली सगळीकडे घाटावरचे सावकार असतील आणि लोकांना त्यांचा राग राक्षसांपेक्षा जास्त असेल. ही तुमच्या मधल्या कोऱ्या वर्षांतली पहिली पन्नास.

चालीचाही हिशेब ठेवा. ओझ्यासकट पायी फौज दिवसाला २० किलोमीटरच्या आसपास जाते. गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी साधारण १०५ किलोमीटर, म्हणजे पाच-सहा दिवसांची चाल. एवढं राज्य आठवड्यात संपायला हवं. संपत नसेल तर काहीतरी अडवतंय, आणि ते काय हे लिहायला हवं: नदी, भरती, पाऊस, भूक. यासाठी १५१० सालचा गोवा जरूर अभ्यासा. एकाच वर्षात शहर तीनदा या हातातून त्या हातात गेलं. वर्षाच्या सुरुवातीला पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने ते घेतलं, मे महिन्यात आदिलशाही फौज तिसवाडी बेटावर उतरली आणि पोर्तुगीज गलबतांवर पळाले. पण पावसाळ्यामुळे मांडवीच्या मुखातून त्यांना समुद्रात निघता येईना, म्हणून ऑगस्टपर्यंत ते नदीतच अडकून पडले, उपासमार सोसत. २५ नोव्हेंबरला ते ताज्या कुमकेनिशी परत आले आणि टिकले. शौर्य दोन्हीकडे असेल, पण त्या वर्षाचं वेळापत्रक पावसाने ठरवलं. तुमचं दार जूनमध्ये उघडतं की नोव्हेंबरमध्ये, हे एकदा नक्की केलं की निम्म्या लढाया आपोआप बदलतील.

दोन स्वाऱ्यांमधलं अंतर किती ठेवायचं, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण विसर पडण्याचं माप त्यातच आहे. पाहिलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलेली आठवण फार तर शंभर वर्षं टिकते. त्यापुढे गोष्ट होते, मग म्हण होते, मग मुलांना झोपवायचं निमित्त. लोकसंख्येचंही तसंच. परचक्रात निम्मे लोक मेले आणि पुढे वर्षाला ०.३ टक्के वाढ झाली, तर संख्या पूर्वपदावर यायला सुमारे २३० वर्षं लागतात, ०.५ टक्के धरलीत तर १४०. अंतर साठ वर्षांचं ठेवलंत तर प्रत्येक पिढी सावध आणि विरळ राहील. असं जग सगळं छावणीसारखं होतं. दोनशे-सव्वादोनशे वर्षं ठेवलीत तर गावं भरलेली, दारापुढे बाजार वसलेला आणि कुणाचाच विश्वास नाही. कथेसाठी मला दुसरं बरं वाटतं.

हे अंतर आकाशातल्या एखाद्या चक्राला बांधा, पण चुकीसकट बांधा. आपल्याकडे गुरूचं चक्र बारा वर्षांचं धरतात, सिंहस्थ, कन्यागत त्याच हिशेबाने. प्रत्यक्षात गुरूची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची आहे. समजा तुमचं दार गुरूच्या दर १९ फेऱ्यांनी उघडतं. बाराने मोजणारा ज्योतिषी म्हणेल २२८ वर्षं. खरी होतात २२५ वर्षं ४ महिने. दर खेपेला २ वर्षं ८ महिन्यांची चूक, आणि ती नेहमी एकाच बाजूला: दार आधी उघडतं, पहारा नंतर पोचतो.

तुमच्या कालगणनेत बसवून बघू. पहिलं उघडणं १०० साली धरलं तर पुढची ३२५, ५५१, ७७६ आणि १००१ साली येतात. बाराशे वर्षांत पाच झाली. तुमच्याकडे नोंद चारांचीच आहे. दुरुस्त करू नका! समजा ५५१ची नोंदच नाही. ते का, याकडे शेवटी येतो.

परचक्र ओसरल्यावर काय उरतं, हा भाग सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात दुर्लक्षित. खाजनाचा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की पाणी ओसरल्यावर शेत लगेच परत मिळत नाही. मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे जातात, तोवर कोरगुटसारखं खारं सोसणारं भातच काय ते तग धरतं. राक्षसांच्या वाटेवरच्या जमिनीला असं काय होतं? तिथे काय उगवत नाही आणि कुठलं एक चिवट पीक उगवतं? त्या पिकावर जगणाऱ्यांना बाकीचे काय म्हणून हिणवतात?

सीमा एकाच वेळी बदलत नाहीत, थरांनी बदलतात. गोव्यात जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी हा फरक अजून ओळखू येतो. तिसवाडी, बारदेश, सासष्टी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगिजांकडे गेली. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, केपे, सांगे, काणकोण हा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधल्या सव्वादोनशे वर्षांत सत्ताही बदलली, धोरणही. म्हणून आजही देवळं, क्रूस, आडनावं, पोळी की पाव, यावरून आपण कुठल्या बाजूला आहोत ते कळतं. तुमच्या जगात पहिल्या परचक्रात गेलेला मुलूख आणि चौथ्यात गेलेला मुलूख एकसारखे दिसत असतील, तर काहीतरी चुकलं आहे.

माणसं पळतात तेव्हा देव घेऊन पळतात, आणि देवाबरोबर नावंही. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली झुआरी ओलांडून प्रियोळला आला. वेर्ण्याची म्हाळसा फोंड्यात आली आणि म्हार्दोळ हे नावही घेऊन आली; वेर्ण्यात मूळ जागेला अजून जुनं म्हार्दोळ म्हणतात. तुमच्या नकाशावर एकाच नावाची दोन गावं असू द्या, एक नांदतं आणि एक ‘जुनं’, ओस पडलेलं. खाली टीप घालू नका. ज्याला कळायचं त्याला कळेल.

कागदपत्रांत मात्र विजयगाथा सगळ्यात आधी शोधू नका. जिंकणारा सगळ्यात आधी लिहून काढतो तो कर. १५२६ साली आफोन्सो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने गोव्याच्या गावकऱ्यांचे रीतीरिवाज, हक्क आणि देणी यांची सनद तयार केली, तिला फोराल म्हणतात. युद्धाबद्दल ती गप्प आहे, पण गाव कसं चालायचं हे जाणून घ्यायला आज तिचाच आधार घेतात. तुमच्या जगातही पहिल्या परचक्रानंतर ‘दारपट्टी’ नावाचा कर बसू द्या, दाराच्या पहाऱ्यासाठी. तो तीनशे वर्षांनीही वसूल होत असेल. पैसा राजवाड्याच्या छपरावर जात असेल.

आणि शत्रूने आणलेल्या गोष्टी. काजू ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणला. आज हुर्राक आणि फेणीशिवाय गोव्याचा उन्हाळा कुणाला सुचत नाही. मिरचीही तशीच बाहेरची. दारातून आलेली एखादी वेल, एखादं रानटी फळ, एखादा वाद्याचा प्रकार तुमच्या लोकांच्या सगळ्यात पवित्र सणाच्या ताटात असायला हवा, आणि त्याचं मूळ सांगणाऱ्याला लोकांनी मारायला धावायला हवं. उलट दिशेने काय गेलं तेही ठरवा. आपली सर्दी तिकडे गेली असेल आणि तिकडचं निम्मं राज्य तिने बसवलं असेल, तर पुढच्या वेळी ते सूड घ्यायला येतात की पळून येतात?

आता मुद्द्याच्या गाठीकडे येतो: दार उघडं राहण्यात कुणाचा फायदा आहे? बांधाबद्दल जाणत्यांना एक गोष्ट ठाऊक असते. बांध नेहमी मोठ्या लाटेने फुटतो असं नाही. कुर्ल्यांनी पाडलेली बिळं वेळेवर बुजवली नाहीत म्हणूनही फुटतो. आणि कधी कधी तो कुणीतरी फोडतो. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, मासळीचा पैसा भाताच्या पैशापेक्षा जास्त असतो, आणि शेतात खारं पाणी राहिलं तर मासळी वाढते. शेतकरी आणि लिलाव घेणारा यांच्यातलं हे भांडण गोव्यात जुनं आहे. तुमच्या दारालाही असा लिलाव जोडा. दार मिटलेलं असतानाही फटीतून काहीतरी झिरपत असेल: उष्णता, धातूची रेती, झोप आणणारी वाफ. ते गोळा करण्याचा मक्ता कुणाकडे तरी असेल. झडप पूर्ण बसली तर त्याचा धंदा बुडतो. इथे राक्षसांची गरजही उरत नाही. गावसभेतल्या एका ठरावावर परचक्र येऊ शकतं. ठरावासाठी देवाला कौल लावला असेल आणि पाकळी कुठल्या बाजूने पडली यावर दोन गट अजून भांडत असतील, तर आणखी उत्तम.

ही सगळी माहिती तुम्ही निवेदकाच्या तोंडी घातली तर पुन्हा यादी होईल. ती वस्तूंमध्ये मुरवा. मी निदान तीन साधनं घेतो आणि ती एकमेकांशी जुळू देत नाही. दरबारी बखर ही त्यातली सगळ्यात कमी विश्वासाची. दुसरं साधन गाणं. धालोच्या मांडावर, म्हणजे गोव्यातल्या बायकांच्या गाण्या-नाचाच्या जागेवर, त्या म्हणतील असं काही, समजा:

तिळाएवढं तेल गं दाराच्या खुंटीला,
पल्याडची सासू गं बोलावी धाकटीला.

बखरीत राजा जिंकला आहे, आणि गाण्यात दर वेळी एक धाकटी मुलगी दिली जाते. दोन्ही खरं असू शकतं.

दगडही बोलतात. कदंब राजांच्या काळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे दगड, गोव्यात आहेत, काहींवर होड्यांची लढाई कोरलेली आहे. वीरगळ खालून वर वाचायचा: खाली लढाई, मध्ये वीराला अप्सरा वर नेताना, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. आता ज्याला राक्षसांनी जिवंत ओढून दारापलीकडे नेलं, त्याचा वीरगळ कसा करायचा? तो मेला की नाही हेच माहीत नाही. पाथरवट खालची लढाई कोरेल, वरची पूजा कोरेल आणि मधला चौकोन घासून गुळगुळीत करून कोरा सोडेल. दाराच्या वाटेवर असे अकरा दगड उभे करा. पात्र शेजारून जाताना एका मधल्या चौकोनाला हात लावेल, एवढं वर्णन पुरे.

नावांबद्दल थोडंसं. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. दाराशेजारच्या गावात कुणी ‘राक्षस’ म्हणणार नाही. ते ‘पलीकडले’ म्हणतील, किंवा नुसतं ‘ते’. ‘राक्षस’ हा शब्द राजधानीतला, ज्यांनी एकही पाहिलेला नाही त्यांचा.

नेहमीच्या चुका पटकन सांगतो. राक्षस अमर्याद ठेवले की डावपेचांना अर्थ उरत नाही. प्रत्येक स्वारी एका वीराच्या एका घावावर संपवली की मधल्या काळातल्या कुणाच्याच कामाला किंमत राहत नाही. प्रत्येक उद्ध्वस्त शहर राक्षसांच्या माथी मारणं हीसुद्धा चूकच. जुनं गोवें शहर रोगराईने रिकामं झालं, १७५९ साली व्हिसेरेई (पोर्तुगीज व्हाइसरॉय) पणजीच्या बाजूला राहायला गेला, १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि त्यासाठी शत्रूला एक गोळाही झाडावा लागला नाही. आणि हो, दार कायमचं बंद करायचा उपाय जगात असेल तर तो अजून कुणी का वापरला नाही, याला ‘कुणाला माहीत नव्हता’ यापेक्षा बरं कारण शोधा. वर मक्त्याचं सांगितलंच आहे.

कामाचा क्रम म्हणाल तर आधी दाराची रुंदी आणि वेळ. मग भूक आणि ऋतू. मग चक्र आणि त्याची चूक. मग प्रत्येक परचक्रामागे उरलेली एक जमीन, एक कर आणि एक चव. राजांची नावं सगळ्यात शेवटी, आणि थोडीच. तुमची चाळीस पानं फाडू नका, पेटीत ठेवा. खेळणाऱ्यांच्या हातात द्यायला एकच पान करा: दाराच्या गावाची देखभालीची वही. त्यात ५५१ कसं हरवलं ते असेल. नमुना देतो, तुमच्या जगाप्रमाणे बदला.

‘सन ५४८, आश्विन. दाराच्या वरच्या बिजागरीस तेल ४ शेर. बांधावर माती १२० टोपल्या. पहाऱ्यास माणसं ६, प्रत्येकी भात १ कुडव. पूर्वेकडची झडप फुगली आहे. सुताराला सांगून पाठवलं, आला नाही.’

‘सन ५४९, आश्विन. तेल ४ शेर. माती ९० टोपल्या. पहाऱ्यास माणसं ४. सुतार आला नाही.’

‘सन ५५०, आश्विन. तेल ४ शेर.’

माती कमी होत गेली, माणसं कमी झाली, तेल मात्र चार शेरांवर कायम. म्हणजे तेल कुणी घालत नव्हतं, नुसता खर्च लावत होतं. पुढची दोन वर्षं पानं नाहीत. ज्योतिषाच्या हिशेबाने दार उघडायचं होतं ३२५ अधिक २२८, म्हणजे ५५३ साली. त्या वर्षाची नोंद आहे, अक्षर वेगळं:

‘सन ५५३, आश्विन. ठरल्याप्रमाणे राजधानीहून पहाऱ्यास माणसं ४०. तीन महिने राहिली. दार शांत. देवाची कृपा. तेल नको म्हणाले. सुतार आता गावातच आहे. गावकार नवे.’

राजधानीत बखरकाराने त्यावरून लिहिलं की त्या फेरीला परचक्र टळलं. पुढचं उघडणं त्याने ५५३ अधिक २२८, म्हणजे ७८१ साली मांडलं. ते ७७६ सालीच आलं, पाच वर्षं आधी, आणि दाराजवळच्या त्या एका गावातून कुणीही पळालं नाही.